हात खाली येईपर्यंत

वर्षातून एकदा, भाऊ गेला त्या तारखेला, ठोक्याची बायको शिवणकाम दुपारीच आवरतं घ्यायची, हात धुऊन कोरडे करायची आणि ‘उतार’ लावायची. अकरा मिनिटांचं वादन. त्यात शब्द नाहीत, गाणारा नाही. ठोक्या समोरच्या खुर्चीत बसायचा, कारण बसणं भाग होतं. चार मिनिटं होऊन रेकॉर्ड जराशी पुढे सरकली की तिचं बोट वर जायचं. त्या जागी, ऑर्गनच्या गदारोळाखाली, माणसाचा एक आवाज होता. शब्द म्हणावा इतका स्पष्ट नाही, उसासा म्हणावा तर त्याहून थोडा मोठा, आणि पापणी लवायच्या आत संपणारा. “दादा,” ती म्हणायची. दरवर्षी तेवढंच. मग बोट खाली यायचं आणि उरलेली सात मिनिटं ती डोळे मिटून ऐकायची.

दादाचा दुसरा आवाज जगात कुठे शिल्लकच नव्हता. स्टेजवर तो माइकसमोर कधी बोलला नाही, मुलाखत आली की बँडमधल्या मास्तरला पुढे करायचा, आणि घरी बोलणं टेप करून ठेवायची त्या काळी कुणाला सवय नव्हती. फोटो ढीगभर होते. आवाज मात्र एवढाच. बहिणीनं चव्वेचाळीस वर्षं त्याच्यावर काढली होती.

आणि तो आवाज दादाचा नव्हता. ठोक्याचा होता. हे एकट्या ठोक्याला ठाऊक होतं, आणि याबाबतीत त्यानं तोंडाला कुलूप घातलं होतं.

त्यांच्या बँडचं नाव ‘सातवा मजला’. या नावावर लोकांनी लेखच्या लेख पाडलेत. कुणी म्हणतं सात म्हणजे मनाच्या सात पायऱ्या, कुणी आणखी काही. खरी गोष्ट इतकीच, की इमारत सहा मजल्यांची होती, लिफ्ट नव्हती, आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत हे चौघं सराव करायचे. ऑर्गन वर चढवताना चौथ्या मजल्यावर मास्तरच्या छातीचा भाता झाला. तो पायरीवर फतकल मारून बसला आणि म्हणाला, सातवा मजला आला की मला उठवा. झालं, नाव पडलं. मास्तर शाळेत गणित शिकवायचा आणि संध्याकाळी ऑर्गनवर असे सूर काढायचा की त्याच्या हेडमास्तरांनी ऐकले असते तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. बेस वाजवणारा लांब्या शिडीएवढा उंच होता आणि बोलायला शिडीइतकाच. ठोक्या शिवणयंत्रं दुरुस्त करायला शिकत होता. यंत्राचा पट्टा सैल आहे की शटल अडकतंय हे तो नुसतं ऐकून सांगायचा, आणि त्याच कानाच्या जोरावर ड्रमवर येऊन बसला होता. चौथा भोवरा. लहानपणी एका जागी गरगर फिरून धाडकन पडायचा आणि पुन्हा उठून फिरायचा, म्हणून भोवरा. त्याच्या हातात गिटार आली आणि बाकीचे तिघं त्याच्या मागे फिरायला लागले.

भोवऱ्याची धाकटी बहीण या चौघांचे कपडे शिवायची आणि दिवे सांभाळायची. दिवे म्हणजे काय, तर खालून प्रखर दिवा, वर काचेची मोठी बशी, बशीत पाणी आणि तेल आणि शाईचे थेंब. ती बशी हळूहळू हलवायची आणि मागची अख्खी भिंत उकळत्या रंगांनी भरून जायची. त्या गरम काचेनं तिच्या अंगठ्याची कातडी कायमची गुळगुळीत झाली. त्या अंगठ्याला सुई टोचली तरी अजून कळत नाही.

बँडचा एक नियम होता, आणि तो भोवऱ्यानं घातलेला होता. ज्यानं सुरू केलं त्यानंच थांबवायचं. सुरुवात नेहमी तोच करायचा. मग वादन कुठेही जावो, वीस मिनिटं चालो की चाळीस, संपवायची वेळ आली की तो उजवा हात वर करणार, शेवटचा सूर हवेत लटकत असताना तो हात खाली आणणार, आणि तेव्हाच सगळ्यांनी थांबायचं. तोवर छप्पर कोसळलं तरी वाजवत राहायचं. मास्तर आणि लांब्या डोळे मिटून वाजवायचे, कारण डोळे उघडे असले की माणूस हिशेबी होतो असं भोवऱ्याचं म्हणणं होतं. डोळे उघडे ठेवायचे ते फक्त ठोक्यानं. हात दिसला की त्यानं ड्रमवर एक ठरलेला गडगडाट करायचा, तो ऐकून बाकीचे थांबायचे. थोडक्यात, ठोक्याचं काम दोन गोष्टींचं: ठोके देणं आणि हात बघणं.

पहिल्या कार्यक्रमाला बारा माणसं होती, त्यातली पाच लांब्याची चुलत भावंडं. सहाव्या वर्षी मैदानं भरत होती. मधल्या काळात काय झालं ते कुणालाच धड सांगता येत नाही. एका संध्याकाळी एका कॉलेजच्या हॉलमध्ये भोवऱ्यानं गिटार जमिनीवर ठेवली, तिच्याशेजारी आडवा झाला आणि झोपल्या झोपल्या वाजवत राहिला, वर छतावर बहिणीचे रंग वाहत होते, आणि पोरं खुर्च्यांवरून उठून जमिनीवर आडवी झाली. तिथून पुढे आडवं होऊन ऐकायची टूमच निघाली. लोक चादरी घेऊन यायचे. मास्तरला हसू आवरायचं नाही. तो म्हणायचा, मुलं वर्गात झोपतात ती फुकट, इथं तिकीट काढून झोपतात.

गोळ्या आणि जिभेवर ठेवायचे कागदाचे तुकडे याच काळात आले. चौघांनीही घेतले, खोटं कशाला बोलायचं. मास्तरनं दोनदा घेऊन कानाला खडा लावला. लांब्याला नुसत्या उलट्या झाल्या. ठोक्या कधीमधी घ्यायचा. भोवऱ्याचं मात्र एकाचे दोन आणि दोनाचे चार होत गेले, आणि शेवटच्या वर्षी त्याचे सदरे बहिणीनं तीन वेळा आत घेतले, इतका तो सुकला होता. ती ओरडायची, रडायची, गोळ्या संडासात ओतायची. तो हसून तिच्या डोक्यावर टपली मारायचा. ठोक्याला ती म्हणाली होती, तू त्याच्यासमोर बसतोस ना, लक्ष ठेव. ठोक्यानं मान हलवली होती.

‘उतार’ त्यांच्या दुसऱ्या रेकॉर्डसाठी तळघरातल्या एका स्टुडिओत भर दुपारी टेप झालं. भोवऱ्याच्या हट्टापायी दिवे बंद, दारावर एक लाल बल्ब तेवढा चालू. रंगांचं काही काम नव्हतं म्हणून बहीण आली नव्हती; ती घरी कुणाच्यातरी लग्नाचा झगा शिवत होती. वादन अकरा मिनिटांचं झालं आणि त्या अकरावरही लोकांनी नको तितकं डोकं चालवलंय. अकरा मिनिटांनी टेप संपली, बस. काचेपलीकडचा माणूस नवीन टेप लावायची म्हणून सांगायला आत आला, त्यानं दिवा लावला, आणि भोवरा स्पीकरच्या पायाशी पडलेला सगळ्यांना दिसला. ओठ निळे पडले होते.

दवाखान्यातला डॉक्टर बाहेर आला तेव्हा बाकावर ठोक्या एकटाच होता. उलटी झाली, ती श्वासात गेली, डॉक्टर म्हणाला. कुणी वेळेवर नुसतं कुशीवर वळवलं असतं तरी निभावलं असतं. ठोक्या घरी गेला. बहिणीनं दार उघडलं. तो तिला म्हणाला, वाजवता वाजवता गेला. ती त्या एका वाक्याला धरून उभी राहिली, आणि ठोक्याकडून ते परत घेणं झालं नाही. पुढे तो रोज जाऊ लागला, कधी तिचं यंत्र दुरुस्त करायला, कधी नुसताच. दोन वर्षांनी दोघांनी लग्न केलं. लग्नानंतरही ती त्याला ‘ठोक्या’च म्हणायची आणि अरेतुरेच करायची. तिच्या आत्याबाईंनी नाकं मुरडली, मग त्याही थकल्या.

बँडच उरला नाही म्हणून रेकॉर्ड तीन वर्षं कंपनीच्या गोदामात धूळ खात पडली. मग एका रेडिओवाल्यानं ‘उतार’ अख्खं लावलं, आणि लावतच राहिला. विशेषतः शेवटची सात मिनिटं. त्यात गिटारचा एकच सूर आहे, न तुटणारा, हळूहळू वर चढणारा, मध्येच दोन सूर झाल्यासारखा फाकणारा आणि पुन्हा एक होणारा. असं कुणी कधी वाजवलं नव्हतं. एका मासिकानं भोवऱ्याच्या बोटांवर सहा पानं छापली: कुठलं बोट कुठल्या तारेवर, मनगट कसं, नख कसं. मुलं तो सूर काढायला वर्षं घालवतात. काहींनी त्या सुराची लाटदार रेघ छापलेले सदरे घातले, एकानं तर ती दंडावर गोंदवून घेतली. ठोक्याच्या दुकानात महिन्यातून एखादा तरी धडधाकट यंत्र काखोटीला मारून यायचा, सुई बघा म्हणायचा, आणि मग हळूच विचारायचा, काका, ते वाजवत होते तेव्हा नेमके बसले होते की उभे? ठोक्या सांगायचा, सुई ठीक आहे.

मास्तर दहा वर्षांपूर्वी गेला. लांब्या परदेशी जाऊन देवभक्त झाला आणि त्या दिवसांबद्दल पत्रालाही उत्तर देत नाही. म्हणून जुन्या टेप नव्यानं साफ करून काढायचं कंपनीनं ठरवलं तेव्हा बोलावणं आलं ते ठोक्याला.

ते काम करणारी बाई तिशीची असेल. ठोक्यानं तिचं नाव ‘टेपवाली’ ठेवलं, तिलाही ते आवडलं. चव्वेचाळीस वर्षांत टेपचा थर चिकट झाला होता, तशीच चालवली असती तर सोलून निघाली असती. तिनं ती मंद आचेवर आठ तास शेकून घेतली होती. शेकलेली टेप थोडेच दिवस नीट चालते, तेवढ्यात सगळं उतरवून घ्यायचं. जुन्या रेकॉर्डवर सगळा आवाज एकत्र कालवलेला होता. टेपवर मात्र प्रत्येक वाद्याची पट्टी वेगळी होती. गिटारची वेगळी, ऑर्गनची वेगळी, ड्रमची वेगळी. ती एकेक पट्टी धुऊन पुसून लख्ख करत होती. ठोक्याला तिनं खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाली, काका, तुम्हाला एक गंमत ऐकवते, मला काल सापडली.

तिनं नुसती ड्रमची पट्टी लावली. चार मिनिटं ठोक्यानं आपलेच चोवीस वर्षांचे हात ऐकले. मग खोलीत, अगदी कानाशी, एक तरुण आवाज म्हणाला, “भोवऱ्या?”

एकदाच. पुन्हा नाही. ड्रम चालूच होते. एकही ठोका चुकला नव्हता.

टेपवालीचे डोळे चमकत होते. तिला वाटलं होतं ते वेगळंच होतं: हा त्या सुराला दाद देणारा हुंकार असणार, गडी बेभान होऊन मित्राला हाक मारतोय. लोक वेडे होतील ऐकून, ती म्हणाली. ठोक्याचा चहा बशीत सांडला होता.

कारण त्याला ती खोली दिसत होती. लाल बल्बच्या उजेडात भोवऱ्याची काळी आकृती खाली बसताना त्यानं पाहिली होती. ती स्पीकरला टेकली, मग एका कुशीला घसरली, मग उताणी झाली. गिटार स्पीकरला टेकून राहिली. गिटार अशी टेकून राहिली की तिचाच आवाज तिच्या तारांत शिरतो, तो पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो, आणि वाजवणारं कुणी नसलं तरी ती ओरडत राहते. त्या सहा पानी लेखातली बोटं त्या वेळी तारांवर नव्हतीच. ठोक्यानं हाक मारली. उत्तर आलं नाही. भोवरा आडवा होऊन वाजवायचा हे खरं होतं. पण आडवा झाला तरी त्याचा गुडघा तालावर हलायचा, आणि तो गुडघा हलत नव्हता. ठोक्यानं ते पाहिलं. आणि सूर तर असा निघत होता की त्याच्या अंगावर काटा आला होता. सहा वर्षं ज्याच्यासाठी ते जिने चढत होते ते हेच, असं त्याला वाटलं. आपण थांबलो तर हे पुन्हा मिळायचं नाही. शिवाय नियम होता. हात वर गेला नव्हता. ठोक्या हात वर जायची वाट बघत सात मिनिटं वाजवत राहिला.

तो टेपवालीला म्हणाला, हे काढून टाक.

तिला वाटलं चेष्टा करतोय. मग तिचा चेहरा पडला. तिनं समजावून पाहिलं, त्यानं सांगितलं माझा आवाज बेसूर आहे. जुन्यासारखं अर्धवट, गढूळ राहू दे, असंही तो एकदा म्हणाला. ते जमणार नव्हतं. सगळं स्वच्छ करायचं हाच कंपनीचा हुकूम होता. एकतर हाक ऐकू येणार होती, नाहीतर नसणार होती. विचार करायला तिनं त्याला आठवडा दिला.

तो आठवडा ठोक्यानं कसा काढला ते त्यालाच माहीत. हाक ठेवली तर बायकोला नवऱ्याचा आवाज ओळखायला किती वेळ लागणार? आणि ओळखला की पुढचे ड्रम तीच ऐकणार, सात मिनिटं, एकही ठोका न चुकलेले. हाक काढली तर तिचा दादा गप्प होणार. एकदा रात्रीचं जेवण झाल्यावर त्यानं सांगायला तोंड उघडलंसुद्धा. ती कपाटावरचा कापडाचा गठ्ठा काढायला धडपडत होती. उजवा खांदा धरल्यापासून तिचा हात वर जायचा नाही. ये की जरा, मेल्या, बघत काय बसलायस, ती म्हणाली. त्यानं गठ्ठा काढून दिला आणि शब्द परत गिळले. आठव्या दिवशी त्यानं टेपवालीला फोन करून सांगितलं, काढ.

नवी रेकॉर्ड आली तेव्हा तारखेला अजून तीन महिने होते, पण बायकोला धीर कुठला. तिची स्वतःची जुनी रेकॉर्ड कंपनीनं मुखपृष्ठाचा फोटो घ्यायला नेली होती ती अजून परत आली नव्हती, आणि मोबाइलवरचं ऐकणं म्हणजे डब्यात तोंड घालून बोलणं असं तिचं ठाम मत होतं. तिनं हात धुतले. नवी रेकॉर्ड लावली. आवाज खरंच काचेसारखा स्वच्छ होता. चार मिनिटं झाली. तिचं बोट वर गेलं.

बोट तसंच राहिलं. मग तिनं सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा. तिसऱ्यांदाही.

“तुला आलं ऐकू?” तिनं विचारलं.

ठोक्या काय वाटेल ते म्हणू शकला असता. साफ करताना गेलं असेल, एवढंही पुरलं असतं. पण वर्षानुवर्षं एकाच बाजूला वळलेली जीभ आयत्या वेळी दुसरीकडे वळत नाही. तो म्हणाला, “आलं की.”

बायकोनं रेकॉर्ड बंद केली. त्या दिवसापासून ती खचायला लागली. आपले कान गेले, असं तिनं धरूनच घेतलं. गिऱ्हाईक बोलायला लागलं की ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. यंत्र चालवताना मध्येच थांबून ठोक्याला विचारायची, टाके नीट पडतायत का रे, मला पूर्वीसारखं कळत नाही. कानात तेल घातलं, थेंब घातले, कापूस घातला. एका संध्याकाळी ती अंधारात बसलेली सापडली. दिवा का नाही लावलास, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, “एवढा एकच होता रे माझ्याकडे. तोही मलाच ऐकू येऊ नये?” ठोक्या स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला. सांगायची वेळ हीच होती हे त्याला समजत होतं. त्यानं नळ बंद केला आणि तिला दवाखान्याची वेळ घेऊन दिली.

दवाखान्यात ती एकटीच गेली. त्यानं दुकान बंद करून बरोबर यायची तयारी केली, ती म्हणाली, मी काय आंधळी झाले नाही. सकाळी दहाला गेलेली बाई दोन वाजता परतली. ठोक्या टेबलावर एका यंत्राचं शटल खोलून बसला होता. तिच्या काखेत तिची जुनी रेकॉर्ड होती. येताना कंपनीच्या ऑफिसात जाऊन मागून आणली होती.

तिनं पर्स ठेवली, चपला काढल्या, हात धुतले. जुनी रेकॉर्ड लावली. चार मिनिटं गेली. मग बोट वर गेलं, आणि आवाज आला.

“कान ठणठणीत आहेत,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, पन्नाशीतल्या बाईचेसुद्धा इतके चांगले नसतात. मग नव्या रेकॉर्डवरचा आवाज कुणी काढला, आणि तुला तो कसा काय ऐकू आला?”

शटल ठोक्याच्या हातातच होतं. त्यानं ते फडक्यावर ठेवलं.

“मी काढायला लावला,” तो म्हणाला. “तो दादाचा नव्हता. माझा होता. मी त्याला हाक मारली होती.”

मग त्यानं सांगितलं. थांबत, अडखळत, पण सगळं: लाल बल्ब, टेकलेली गिटार, न हलणारा गुडघा, डॉक्टरचं कुशीवर वळवण्याचं वाक्य. तुला कळलं होतं का, तिनं एवढंच विचारलं. तो म्हणाला, अर्धं कळलं होतं. आणि उरलेलं अर्धं? उरलेलं अर्धं, तो म्हणाला, मला कळून घ्यायचं नव्हतं. फार सुंदर वाजत होतं.

रेकॉर्ड केव्हाच संपून सुई नुसती खरखरत होती. तिनं ती उचलून बाजूला ठेवली. शिवणाच्या टेबलावरचं गजराचं घड्याळ आणून तिनं त्याच्यासमोर ठेवलं आणि समोरची खुर्ची ओढून बसली. मग तिनं उजवा हात वर केला. खांदा धरलेला, कपाटापर्यंतही न जाणारा हात. तो वर नेताना तिच्या तोंडून कण्हणं निघालं, पण तिनं तो सरळ वर नेला.

“तुझं काम काय होतं?” ती म्हणाली.

“हात बघणं.”

“मग बघ.”

पहिलं मिनिट ठोक्यानं घड्याळाकडे बघून काढलं. ती म्हणाली, घड्याळाकडे नाही. त्यानं मान वर केली. दुसऱ्या मिनिटाला तिची बोटं थरथरायला लागली, तो गुळगुळीत अंगठा पांढरा पडला. तिसऱ्या मिनिटाला कोपर लटपटायला लागलं आणि तिच्या कपाळावर घाम आला. आयुष्यभर ठोके मोजलेल्या माणसाला सेकंद मोजायला कष्ट पडत नाहीत. ठोक्याला ते न मोजणं जमेना. एका मिनिटात माणूस उठून, खोली ओलांडून, दुसऱ्या माणसाला कुशीवर वळवून, परत जागेवर येऊन बसू शकतो. दोनदा. हे त्यानं चव्वेचाळीस वर्षांत कधी मोजलं नव्हतं. चौथ्या मिनिटाला तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, खांद्याच्या दुखण्याचं की कशाचं ते कळायला मार्ग नव्हता. तो तिचा हात धरायला अर्धवट उठला.

“बस,” ती म्हणाली. “मी सुरू केलंय.”

तो बसला. खाली रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. शेजारच्या घरात नळ चालू झाला आणि बंद झाला. पाच मिनिटं झाली, सहा झाली. हात आता वाऱ्यावर धरल्यासारखा हलत होता, पण खाली येत नव्हता. पुरे कर, असं ठोक्या म्हणाला, मग माफ कर म्हणाला, मग तिचं नाव घेतलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

सात मिनिटं झाली तसा त्यानं श्वास सोडला. घड्याळाचा काटा पुढे गेला. हात वरच होता. ठोक्या बसून राहिला.